वीज सगळ्या वाटांनी जाते : परिणामी रोधाचा हिशोब

(हे पॉडकास्टच्या भागाचं शब्दांकन आहे. बोलताना आकडे पटापट निघून जातात, म्हणून आकडेमोड इथे थोडी सावकाश लिहिली आहे. बाकी बोलणं तसंच ठेवलंय.)

आज हाताशी कागद आणि पेन असेल तर घ्या. लोकलमध्ये उभ्याने ऐकत असाल तर राहू द्या, घरी जाऊन वाचा.

आजचा विषय दहावीच्या पुस्तकातला आहे. रोधांची एकसर जोडणी, समांतर जोडणी आणि परिणामी रोध. इंजिनिअरिंगला गेल्यावर आपण त्याला इफेक्टिव्ह रेझिस्टन्स म्हणायला लागतो, आणि नोकरी लागल्यावर दोन्ही विसरतो. मी बीटेक करून सॉफ्टवेअरमध्ये आले, त्यामुळे सोल्डरिंग गन हातात धरून बरीच वर्षं झाली. पण हा विषय काढायला एक कारण घडलं.

आमची सोसायटी नवीन पनवेलमध्ये आहे. गेल्या मे महिन्यात सर्वसाधारण सभेत एक प्रश्न आला : प्रत्येक घरात आरसीसीबी बसवायचा का? खर्च दिसत होता, म्हणून चर्चा लांबली. मग जुनं काम पाहणारे इलेक्ट्रिशियन म्हणाले, "कशाला? अर्थिंग आहे की. वीज नेहमी सोपी वाट धरते. अर्थिंगची वायर सोपी, माणूस अवघड. ती माणसाकडे येणारच नाही." सभेत माना डोलल्या. वाक्यच तसं आहे, ऐकल्याबरोबर पटतं.

पण ते खरं नाही. वीज सोपी वाट निवडत नाही, कारण ती काहीच निवडत नाही. जेवढ्या वाटा उघड्या असतील तेवढ्या सगळ्यांनी ती एकाच वेळी जाते. सोप्या वाटेने जास्त, अवघड वाटेने कमी, पण सगळ्यांनी. कोणत्या वाटेने किती, याचा हिशोब म्हणजेच परिणामी रोधाचा विषय. आज तो हिशोब पहिल्यापासून करू. आधी कागदावर, मग आपल्या हार्बर लाईनवर आणि शेवटी त्या सभेतल्या प्रश्नावर येऊ.

एक अँपिअर सोडा, व्होल्टेज मोजा

परिणामी रोधाची व्याख्या सूत्रांच्या आधी समजली पाहिजे. समजा एक बंद पेटी आहे. आत रोधांचं कसलंही जाळं आहे, आपल्याला दिसत नाही. बाहेर दोन टोकं आली आहेत. एका टोकातून एक अँपिअर धारा आत सोडायची, दुसऱ्या टोकातून ती बाहेर काढायची आणि दोन टोकांमधलं व्होल्टेज मोजायचं. पाच व्होल्ट आलं तर त्या पेटीचा परिणामी रोध पाच ओहम. झालं. आत एक रोध असो की हजार, बाहेरच्याला ती पेटी पाच ओहमचा एकच रोध वाटते.

यातून एक गोष्ट लगेच निघते. "या सर्किटचा रोध किती?" हा प्रश्न अपुरा आहे. "कोणत्या दोन बिंदूंमध्ये?" हे सांगावंच लागतं. बिंदू बदलले की उत्तर बदलतं.

आता दोन नेहमीच्या जोडण्या. एकसर जोडणीत वाट एकच, त्यामुळे अडथळे एकामागोमाग येतात आणि रोधांची बेरीज होते. सहा ओहम आणि तीन ओहम एकसर जोडले तर नऊ.

समांतर जोडणीत वाटा दोन. इथे रोधाऐवजी वाहकता मोजायची, म्हणजे रोधाचा व्यस्त. सहा ओहमची वाहकता एक षष्ठांश, तीन ओहमची एक तृतीयांश. बेरीज एक द्वितीयांश. म्हणून परिणामी रोध दोन ओहम. बघा, दोन ओहम हा सहापेक्षाही कमी आणि तीनपेक्षाही कमी. समांतर जोडणीत उत्तर नेहमी सगळ्यात लहान रोधाहूनही लहान येतं. आपलं उत्तर तसं येत नसेल तर आकडेमोड परत तपासायची.

या सहा-तीनच्या जोडीत नऊ अँपिअर सोडले तर तीन ओहमातून सहा अँपिअर जातात आणि सहा ओहमातून तीन. दोन्हींवर व्होल्टेज सारखंच, अठरा. सहा ओहमची वाट दुप्पट अवघड आहे म्हणून धारा निम्मी झाली, शून्य झाली नाही. सभेतलं वाक्य इथेच मोडतं, पण आपण अजून थोडं थांबू.

हार्बर लाईनवरचा परिणामी रोध

आपण पनवेलकर रोज ज्या मार्गाने जातो, त्याच्या मुळाशी भारतातल्या विजेच्या रेल्वेचा पहिला दिवस आहे. ३ फेब्रुवारी १९२५ ला बॉम्बे व्हीटी ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेची गाडी धावली, ती हार्बर मार्गाने. ओव्हरहेड वायरमध्ये १५०० व्होल्ट डीसी. पुढे १९९८ मध्ये हार्बर लाईन पनवेलपर्यंत आली. एप्रिल २०१६ मध्ये हार्बरवरची शेवटची डीसी लोकल धावली आणि मुंबईच्या उपनगरी मार्गांवरचं डीसीचं युग संपलं. आता २५,००० व्होल्ट एसी.

डीसीच्या काळात मार्गाकडेला काही काही किलोमीटरवर सबस्टेशनं असायची. इतकी जवळजवळ का? उत्तर परिणामी रोधात आहे. हिशोब करू. आकडे मी मोजायला सोपे घेतेय, पण खऱ्याच्या आसपासचे आहेत.

समजा दोन सबस्टेशनांमध्ये पाच किलोमीटर अंतर आहे. ओव्हरहेड वायर तांब्याची, आणि परतीची वाट म्हणजे रूळ. दोन्ही मिळून दर किलोमीटरला ०.०६ ओहम रोध धरू. गाडी सुटताना जोर लावते तेव्हा २००० अँपिअर ओढते असं धरू.

आधी एकाच बाजूला सबस्टेशन आहे, पलीकडे काहीच नाही, असं समजा. गाडी पाच किलोमीटरच्या टोकाला आहे. वाट एकच, रोध पाच गुणिले ०.०६, म्हणजे ०.३ ओहम. ऐकायला नगण्य वाटतं. पण २००० अँपिअरने गुणलं की ६०० व्होल्ट. सबस्टेशनातून १५०० निघाले आणि गाडीपाशी ९०० पोचले. वाटेत चाळीस टक्के गेले.

आता दोन्ही टोकांना सबस्टेशन आहे, दोन्हींचं व्होल्टेज १५००. दोन्हींचं विभव सारखं आहे, म्हणून कागदावर ती दोन्ही एकाच बिंदूत जोडली तरी सर्किटला फरक पडत नाही. ही युक्ती लक्षात ठेवा, थोड्या वेळाने परत लागेल. जोडल्यावर काय दिसतं? गाडीपासून डावीकडची वायर आणि उजवीकडची वायर चक्क समांतर आहेत.

गाडी बरोबर मध्ये आहे. डावीकडे अडीच किलोमीटर, ०.१५ ओहम. उजवीकडेही ०.१५. समांतर, म्हणून ०.०७५. व्होल्टेज घटतं १५० व्होल्ट. मघाशी ६०० होतं.

गाडी डाव्या सबस्टेशनपासून एक किलोमीटरवर आहे. डावीकडे ०.०६ ओहम, उजवीकडे ०.२४. परिणामी रोध ०.०४८. घट ९६ व्होल्ट. आणि २००० अँपिअर कुठून आले? जवळच्या सबस्टेशनातून १६००, दूरच्यातून ४००. पडताळा घ्या : १६०० गुणिले ०.०६ म्हणजे ९६, आणि ४०० गुणिले ०.२४ म्हणजेही ९६. जुळलं. दूरचं सबस्टेशन चौपट लांब आहे, तरी "जवळच्याकडून घे, मला काय" असं म्हणत नाही. आपला एक पंचमांश वाटा देतंच.

हा हिशोब सगळ्या जागांसाठी एका सूत्रात मांडता येतो. डावीकडचं अंतर गुणिले उजवीकडचं अंतर, भागिले एकूण अंतर, आणि त्याला दर किलोमीटरच्या रोधाने गुणायचं. कागदावर आलेख काढला तर उलट्या वाडग्यासारखा येतो. सबस्टेशनाच्या दारात शून्य, मध्यभागी सर्वात जास्त. म्हणजे गाडीला सर्वात अशक्त जागा कुठली, तर दोन सबस्टेशनांच्या बरोबर मधली. आणि ती कमाल किंमत एकूण रोधाच्या एक चतुर्थांश असते, निम्मी नाही. मध्ये उभं राहिल्याने वाट निम्मी झाली आणि वाटा दोन झाल्या, म्हणून निम्म्याचे निम्मे.

नुकसान किती? मध्यावर उभ्या गाडीसाठी वायरीत जाणारी उष्णता म्हणजे धारेचा वर्ग गुणिले रोध. २००० चा वर्ग चाळीस लाख, गुणिले ०.०७५, म्हणजे तीन लाख वॅट. ३००० किलोवॅट पाठवले, त्यातले ३०० वायर आणि रूळ तापवण्यात गेले.

आता तीच ३००० किलोवॅटची गरज २५,००० व्होल्टवर भागवा. धारा फक्त १२० अँपिअर. रोध तोच ०.०७५ धरला तर नुकसान एक किलोवॅटच्या जरासं वर. कुठे ३०० आणि कुठे एक. एसीमध्ये रोधाबरोबर वायरचं प्रेरकत्वही आडवं येतं, त्यामुळे खरा हिशोब याहून गुंतागुंतीचा असतो, पण फरकाचा आवाका हाच. म्हणून एसी मार्गावर सबस्टेशनं खूप लांब लांब ठेवता येतात.

गंमत म्हणजे एसीमध्ये दोन्ही बाजूंनी वीज घेण्याचा डीसीचा फायदा सोडावा लागतो. शेजारशेजारची सबस्टेशनं ग्रिडच्या वेगवेगळ्या फेजवरून वीज घेतात, ती एकमेकांना जोडता येत नाहीत. मध्ये न्यूट्रल सेक्शन ठेवावा लागतो, म्हणजे वायरचा वीज नसलेला छोटा तुकडा. लोकल तिथून जाताना दिवे-पंखे काही क्षण बंद पडतात ना, ते त्यामुळे. पण समांतर वाटेचा मोह एसीवाल्यांनाही सुटलेला नाही. रुळांच्या कडेला सेक्शनिंग अँड पॅरलेलिंग पोस्ट नावाची छोटी आवारं असतात. तिथे अप आणि डाउन मार्गाच्या ओव्हरहेड वायर एकमेकींना समांतर जोडतात. डाउन मार्गावरच्या गाडीला अप मार्गाची वायरही थोडी वीज पुरवते. नावातच पॅरलेलिंग आहे.

घनाच्या बारा कडा

आता कोणी म्हणेल, एकसर आणि समांतर आलं की झालं. नाही. अशी जाळी असतात ज्यात कोणतेच दोन रोध एकसरही नसतात आणि समांतरही नसतात. प्रवेश परीक्षांचा लाडका नमुना म्हणजे घन. बारा कडा, प्रत्येक कडेवर एक ओहम. समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांमध्ये परिणामी रोध किती?

इथे मघाची युक्ती काढू. एका कोपऱ्यातून एक अँपिअर सोडा. तिथून तीन कडा निघतात, तिन्ही सारख्या, म्हणून प्रत्येकीत एक तृतीयांश. त्या कडांची दुसरी टोकं तीन आहेत, तिन्हींचं विभव सारखं, म्हणून ती एकच बिंदू समजा. तिथून पुढे सहा कडा, प्रत्येकीत एक षष्ठांश. शेवटी परत तीन कडा, प्रत्येकीत एक तृतीयांश. आता एका वाटेवरचं व्होल्टेज मोजा : एक तृतीयांश अधिक एक षष्ठांश अधिक एक तृतीयांश. पाच षष्ठांश. म्हणजे साधारण ०.८३ ओहम.

एकाच कडेच्या दोन टोकांमध्ये मोजलं तर उत्तर सात द्वादशांश येतं. ती कडा स्वतः एक ओहमची आहे, पण बाकीच्या अकरा कडा तिला मदत करतात म्हणून रोध घटून साधारण ०.५८ झाला. आता एक छान पडताळा. घनाला अशा बारा कडा. बारा गुणिले सात द्वादशांश म्हणजे सात. आणि कोपरे आठ. आठ उणे एक, सात! हा योगायोग नाही. रोनाल्ड फॉस्टर यांनी १९४९ मध्ये दाखवलं की एक-एक ओहमच्या कोणत्याही सलग जाळ्यात सगळ्या कडांच्या परिणामी रोधांची बेरीज बिंदूंच्या संख्येपेक्षा बरोबर एकने कमी येते. जाळं कितीही वेडंवाकडं काढा.

पण सममिती नसेल तर? तिथे आमचं सॉफ्टवेअरवाल्यांचं काम सुरू होतं. किर्खहॉफने १८४५ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, नियम सांगितला की कोणत्याही बिंदूत जेवढी धारा येते तेवढीच बाहेर जाते. प्रत्येक बिंदूसाठी हे एक समीकरण लिहायचं. एका बिंदूचं व्होल्टेज शून्य धरायचं. एका टोकाला एक अँपिअर आत, दुसऱ्याला एक अँपिअर बाहेर. समीकरणं सोडवली की प्रत्येक बिंदूचं व्होल्टेज मिळतं, आणि दोन टोकांमधला फरक म्हणजे परिणामी रोध. पायथनमध्ये नमपाय वापरून हे वीसेक ओळींत होतं. हजार बिंदूंचं जाळंही लॅपटॉप चहा गाळेपर्यंत सोडवतो.

आणि हे फक्त विजेपुरतं राहिलेलं नाही. एखाद्या नेटवर्कमधली जोडणी किती महत्त्वाची, हे तिच्या परिणामी रोधावरून कळतं. एक ओहमच्या कडेचा परिणामी रोध पूर्ण एक ओहमच आला, तर समजायचं की तिला पर्यायच नाही. ती तुटली की दोन्हीकडचा संपर्क तुटला. रोध खूप कमी आला तर तिला पर्याय भरपूर. स्पीलमन आणि श्रीवास्तव यांनी २००८ मध्ये याच कल्पनेवर प्रचंड मोठी जाळी विरळ करायची पद्धत मांडली : महत्त्वाच्या कडा राहण्याची शक्यता जास्त ठेवायची, बाकीच्या छाटायच्या, तरी जाळ्याचं वागणं जवळपास तेच राहतं.

अजून एक नियम, जो घरी जाताना सोबत न्यायचाय. जाळ्यात नवी वायर जोडली तर कोणत्याही दोन बिंदूंमधला परिणामी रोध कधीच वाढत नाही. घटतो किंवा तेवढाच राहतो. रस्त्यांचं असं नसतं, नवा रस्ता काढल्यावर सगळ्यांचाच प्रवास लांबू शकतो, हे गणिताने दाखवून दिलेलं आहे. विजेच्या बाबतीत मात्र प्रत्येक नवी वाट एकूण धारेला मदतच करते. आता ती नवी वाट आपलं शरीर असेल तर?

सभेतला प्रश्न

तर परत आमच्या सभेत. मी फळ्यावर हाच हिशोब मांडला, तो इथे सांगते.

गीझर घ्या. आतली फेजची वायर झिजून धातूच्या आवरणाला टेकली. आवरण अर्थिंगच्या वायरला जोडलेलं आहे, वायर खाली आवारातल्या खड्ड्यात जाते, तिथून वीज मातीतून परत ट्रान्सफॉर्मरच्या अर्थिंगपर्यंत जाते. म्हणजे वाटेत दोन रोध एकसर : आपला खड्डा आणि ट्रान्सफॉर्मरचा खड्डा. आमचा खड्डा इलेक्ट्रिशियननेच अर्थ टेस्टर लावून मोजला होता. मे महिन्यात, कोरड्या जमिनीत, साधारण १० ओहम. ट्रान्सफॉर्मरचा २ ओहम धरू. वायरीचा रोध सोडून देऊ.

आता कोणीतरी ओल्या पायांनी न्हाणीघरात उभं आहे आणि नळाला किंवा गीझरला हात लागला. ओल्या अंगाचा रोध १००० ओहम धरू. माणूस अर्थिंगच्या खड्ड्याला समांतर आला.

दहा आणि हजार समांतर : ९.९ ओहम. त्यात ट्रान्सफॉर्मरचे दोन : ११.९. एकूण धारा २३० भागिले ११.९, म्हणजे सुमारे १९.३ अँपिअर. त्यातली माणसातून किती? शेकडा एक टक्का. इलेक्ट्रिशियनचं म्हणणं एवढ्यापुरतं बरोबर होतं, ९९ टक्के वीज सोप्या वाटेनेच गेली. पण १९.३ चा एक टक्का म्हणजे ०.१९ अँपिअर. १९० मिलीअँपिअर.

माणसाचं हृदय बंद पडायला किती लागते? ३० मिलीअँपिअरच्या पुढे धोका सुरू होतो, आणि धारा जितका वेळ वाहील तितका तो वाढतो. १९० मिलीअँपिअर सेकंदभर मिळाली तर जीव जाऊ शकतो.

आता अर्थिंग मुळीच नसतं तर? २३० भागिले १००२. सुमारे २३० मिलीअँपिअर. म्हणजे दहा ओहमच्या अर्थिंगने २३० चे १९० झाले. एवढाच फरक. फळ्यावर हे दोन आकडे शेजारी लिहिले तेव्हा सभेत पहिल्यांदा शांतता झाली.

असं का झालं? कारण माणसाला किती धारा मिळणार हे टक्केवारीवरून ठरत नाही, आवरणावर किती व्होल्टेज उभं राहिलं त्यावरून ठरतं. आणि ते व्होल्टेज दोन खड्ड्यांच्या रोधांमध्ये वाटलं जातं. आपला खड्डा दहाचा, त्यांचा दोनचा, तर बहुतेक सगळं व्होल्टेज आपल्या वाट्याला. सुमारे १९० व्होल्ट. एकसर जोडणीत मोठ्या रोधावर मोठं व्होल्टेज, दहावीचं पहिलं गणित.

"मग एमसीबी पडेल की," सभेतून एक काका म्हणाले. गीझरचा एमसीबी १६ अँपिअरचा. १९.३ म्हणजे त्याच्या सव्वापटीहूनही कमी. एवढ्या जादा भाराला एमसीबी तासभरही पडला नाही तरी तो नियमात बसतो. त्याचं काम वायर जळण्यापासून वाचवणं आहे, माणूस वाचवणं नाही.

मग खड्डा सुधारा. एक ओहमचा केला तर? एकूण तीन ओहम, धारा जवळपास ७७ अँपिअर. एमसीबी काही सेकंदांत पडेल. पण तेवढे सेकंद माणसातून ७७ मिलीअँपिअर जात राहील. बरं, एक ओहमचा खड्डा आपल्याकडे सोपा नाही. खाडीकाठच्या खाऱ्या चिखलात सळई ठोकली तर रोध कमी मिळतो, पण मुरूम आणि कातळ लागला की आकडा वर जातो. पावसात माती ओली असते तेव्हा तोच खड्डा चांगला मोजतो, एप्रिल-मेमध्ये कोरडा पडला की वाईट. म्हणून अर्थिंग उन्हाळ्यात मोजायचं. दुसरा खड्डा समांतर जोडला की रोध निम्मा व्हावा, पण खड्डे अगदी शेजारी असतील तर तीच माती दोघे वापरतात आणि फायदा पुरता मिळत नाही. खड्ड्यांत अंतर हवं.

आणि आता आरसीसीबी. तो एवढंच करतो : फेजमधून गेलेली धारा आणि न्यूट्रलमधून परत आलेली धारा यांची तुलना. दोन्हींत ३० मिलीअँपिअरचा फरक पडला की वीज तोडतो, सेकंदाच्या लहानशा भागात. फरक पडला म्हणजे कुठूनतरी वीज मातीत गळतेय.

आमच्या दहा ओहमच्या खड्ड्याने गळती किती होईल? १९ अँपिअर. हवी होती ३० मिली. म्हणजे सहाशेपटीहून जास्त. अर्थिंग अगदीच भिकार, ५०० ओहमचं असलं तरी ४५८ मिलीअँपिअर गळेल आणि आरसीसीबी पडेल. आणि महत्त्वाचं हे की तो आवरणाला फेज टेकल्याक्षणी पडेल, कोणी हात लावायच्या आधी. अर्थिंग नसेल आणि नुसता आरसीसीबी असेल, तर गळायला वाटच नसते. मग पहिली वाट माणूसच होतो. झटका बसतो आणि मग वीज तुटते. बहुतेक वेळा जीव वाचतो, पण झटका बसतो.

म्हणून सभेतला वाद मुळात चुकीचा मांडला होता. अर्थिंग की आरसीसीबी, असा प्रश्न नाहीच. अर्थिंग गळतीला माणसाआधी वाट देतं आणि आरसीसीबी ती गळती ओळखून वीज तोडतो. एक दुसऱ्याशिवाय अर्धा आहे.

आरसीसीबीच्या मर्यादाही सांगते. एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरलं, आणि अंगातून जमिनीत काहीच गेलं नाही, तर आरसीसीबीला तुम्ही म्हणजे एक बल्ब. तो पडणार नाही. आणि आतलं यंत्र अडकलं असेल तर बाहेरून कळत नाही. त्यासाठी त्याच्यावर टेस्टचं बटण असतं. ते महिन्यातून एकदा दाबायचं. खटकन पडला पाहिजे. नाही पडला तर त्याच दिवशी बदला.

आमच्या सोसायटीत मतदान झालं, ठराव मंजूर झाला. पावसाळ्याआधी बहुतेक घरांत काम झालं. दोन घरांत आरसीसीबी बसवल्याबरोबर पडायला लागले आणि तक्रारी आल्या, की नवीन वस्तू खराब आहे. शोधल्यावर एका घरात जुनं वॉशिंग मशीन गळत होतं. त्या काकू म्हणाल्या, "अगं, त्याला हात लावला की मुंग्या यायच्या, मला वाटायचं थंडीमुळे." दुसऱ्या घरात गीझरचं एलिमेंट गेलेलं होतं. आरसीसीबी ठीक होते. ते सांगत होते ते कोणी आधी ऐकलं नव्हतं.

तेव्हा मंडळी, आज घरी गेल्यावर मीटरजवळचा किंवा आतला बोर्ड उघडून बघा. टेस्ट लिहिलेलं बटण आहे का? असेल तर घरच्यांना सांगून दाबा, आधी कॉम्प्युटर बंद करा. नसेल तर परवानाधारक इलेक्ट्रिशियनला बोलवा, आणि अर्थिंग मोजून त्याचा आकडा ओहममध्ये लिहून मागा. "अर्थिंग आहे" हे उत्तर घेऊ नका. किती ओहम, ते विचारा. आणि कुठल्याही धातूच्या उपकरणाला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर ते आजच बंद करा.

आकडेमोडीत काही अडलं तर लिहून पाठवा, पुढच्या भागाच्या सुरुवातीला सोडवू. तोवर एक गणित देऊन ठेवते : घनाच्या एकाच पृष्ठावरच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांमध्ये परिणामी रोध किती? सारख्या विभवाचे बिंदू शोधा, उत्तर पाऊण ओहम आलं पाहिजे.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि ओल्या हातांनी स्विच लावू नका.